इंजिन बांधणे : जुन्या फियाट गाडीची पुनर्रचना आणि तिची परिभाषा

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे ती मोडीत जाते, हा सामान्य नियम होय. या नियमास अपवाद करणारा एक लहानसा वर्ग मात्र प्रत्येक मोठ्या शहरात आढळतो. पंचवीस-तीस वर्षे अंगणात किंवा चाळीच्या मागे गंजत पडलेली गाडी विकत घ्यावयाची, तिचा शेवटचा खिळाही सुटा करावयाचा आणि दोन-तीन वर्षांच्या रविवारांत ती पुन्हा रस्त्यावर आणावयाची, असा हा छंद आहे. इंग्रजीत या कार्यास निरनिराळ्या अर्थच्छटांची अनेक नावे आहेत. मराठीत 'दुरुस्ती' म्हटले तर ते फार तोकडे पडते आणि 'जीर्णोद्धार' म्हटले तर देवळाची आठवण होते. कारखान्यातील कारागिराला मात्र ही अडचण कधीच पडलेली नाही. तो 'इंजिन बांधणे' असे म्हणतो. घर बांधावे, मोट बांधावी, पूल बांधावा, तसे इंजिनही बांधावे. या एका क्रियापदात सुटे भाग एकत्र आणणे, ते एकमेकांशी जुळविणे आणि त्यांतून चालता देह उभा करणे, हे तीनही अर्थ सामावलेले आहेत. प्रस्तुत लेखात या 'बांधण्या'चे स्वरूप मुंबईच्या परिचयाच्या एका गाडीच्या आधारे स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

ती गाडी म्हणजे फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही इटालियन गाडी १९५४ पासून तयार होऊ लागली. पुढे तिचे बाह्य रूप आणि नाव अनेकदा बदलले. १९६० नंतरच्या दशकात ती 'डिलाइट' झाली, १९७० नंतर 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. एका इटालियन यंत्रास चितोडच्या राणीचे नाव मिळावे, हा नामकरणाच्या इतिहासातील एक मौजेचा प्रसंग म्हटला पाहिजे. लोकांनी ठेवलेली नावे अधिक बोलकी आहेत. पन्नाशीच्या दशकातील फुगीर पाठीच्या आणि पुढे आलेल्या नाकाच्या गाडीस मुंबईकराने 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि आज या छंदातील मंडळी तोच शब्द कौतुकाने उच्चारतात. निंदावाचक शब्दाचा अर्थोत्कर्ष कसा होतो याचे हे अगदी जवळचे उदाहरण होय.

काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही गाडी मुंबईच्या रस्त्यांवर सुमारे अर्धशतक वावरली. नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधील होती. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची मर्यादा तिने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गाठली आणि त्या दिवशी एक पर्व संपले. या घटनेचा छंदाशी निकटचा संबंध आहे. टॅक्सी होत्या तोवर त्यांचे सुटे भाग होते, ते भाग बसविणारे हात होते आणि त्या हातांची भाषा होती. कान लावून इंजिनाचा दोष सांगणारा जो वृद्ध कारागीर आज हौशी मनुष्य शोधत फिरतो, तो याच टॅक्सींनी घडविलेला आहे. त्याच्यानंतर त्याच्या ठिकाणी बसणारा तरुण संगणकाची तार जोडून दोष वाचतो. पद्मिनीला ती तार जोडावयास जागाच नाही.

प्रथम गाडी सोडवावी लागते. हे काम सोपे वाटते आणि तेथेच बहुतेक संकल्प बुडतात. सुटा झालेला प्रत्येक भाग, त्याचा प्रत्येक नट आणि वायसर कोठून निघाला याची नोंद न ठेवता गाडी सोडविणारा हौशी मनुष्य सहा महिन्यांनी डब्यांच्या राशीपुढे हताश होऊन बसतो. अर्धवट सोडविलेल्या गाड्या पोत्यांत भरून विकावयास येतात, त्या अशाच माणसांच्या असतात. हत्यारांचाही येथे विचार आहे. ही गाडी इटालियन असल्यामुळे तिचे नटबोल्ट मिलिमीटरच्या मापाचे आहेत. याउलट तिची समकालीन अँबॅसेडर मूळ इंग्रजी वंशाची असल्यामुळे तिला इंची पाने लागतात. इंचाच्या आठव्या हिश्श्यास कारागीर 'सूत' म्हणतो. सुताची भाषा बोलणारा आणि एम.एम.ची भाषा बोलणारा असे दोन संप्रदाय एकाच गल्लीत नांदत. गोटी पाना, रिंग पाना, पक्कड, कानस ही नावे दोघांनाही समान होती. भलताच पाना लावून बोल्टाचे कोपरे गोल केले, किंवा घाईने फिरवून आटे घालविले, तर पुढचा सबंध दिवस त्या एका बोल्टात जातो.

मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेत पत्र्याचा प्रश्न इंजिनाहून बिकट असतो. फियाट ११०० ला निराळी चॅसी नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा होय. त्यामुळे दाराखालचा उंबरा किंवा पायाखालची जमीन कुजली तर ती केवळ शोभेची हानी नसते, गाडीचा कणाच दुबळा झालेला असतो. कुजलेल्या भागावर लांबी भरून वर रंग मारणे हा विकणाऱ्याचा नेहमीचा उपाय आहे. घेणाऱ्याने लोहचुंबक सोबत न्यावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्रा नसून लांबी आहे असे समजावे. गंजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडणे हाच खरा मार्ग होय. पण याच मार्गावर पुढे एक कायदेशीर पेच उभा आहे, त्याचा विचार यथावकाश येईल.

आता इंजिनाकडे वळू. चार सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. यावरून एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर येते. ठोकळा बिडाचा आणि वरचे डोके ॲल्युमिनियमचे. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. म्हणून पाणी आटून इंजिन एकदा फार तापले तर डोके वाकते, मधले गॅस्केट उडते आणि पाणी सिलिंडरात शिरते. वाकलेले डोके यंत्रावर सपाट करून घ्यावे लागते. परंतु प्रत्येक वेळी थोडी धातू जाते आणि दाब वाढतो, म्हणून हा उपाय अमर्याद नाही. डोके परत बसविताना नट मधून बाहेरच्या दिशेने, क्रमाक्रमाने आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळावयाचे असतात. एका बाजूने आवळत गेल्यास नवे डोकेही वाकेल.

सिलिंडर अनेक वर्षांच्या घर्षणाने वर रुंद व खाली अरुंद असा होतो आणि त्याची गोलाईही जाते. ते मोजून, गरजेपुरते कोरून, थोड्या मोठ्या मापाचा दट्ट्या घालणे म्हणजे 'बोअर करणे'. व्यास ०.४ मिलिमीटरने वाढला तर घनफळ १०८९ वरून सुमारे ११०२ घन सेंटिमीटर होते. क्रँकची बोटे याउलट घासून बारीक करावी लागतात आणि त्यांवर तेवढी जाड बेअरिंगे बसवितात. दांडीच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगास इंग्रजीत 'बिग एंड' म्हणतात. कारागिराच्या तोंडी त्याचे 'बिगेन' झाले आहे. शब्दान्तीच्या जोडाक्षरातील शेवटचे व्यंजन गळून पडणे ही प्रवृत्ती परिचित आहे. येथे ती तेलाने माखलेल्या हाताने सिद्ध केलेली आहे इतकेच.

झडपांचे काम संयमाचे असते. प्रत्येक झडप तिच्याच बैठकीवर खरखरीत लेप लावून, हाताने मागेपुढे फिरवून घासावयाची असते. दोहोंवर अखंड, करड्या रंगाचे एकसारखे कडे उमटले म्हणजे झडप 'बसली'. खात्रीसाठी वरच्या वाटेत थोडे रॉकेल ओतून ठेवतात. काही वेळाने खाली ओल दिसली नाही तर काम झाले. आठही झडपांना हे करावे लागते, आणि सहाव्या झडपेस कंटाळून हात आखडता घेणाऱ्यास पुढे वर्षभर त्याचा पश्चात्ताप होतो.

'बसणे' या क्रियापदाचा वर जो उपयोग झाला त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. झडप बसली म्हणजे चांगले झाले. इंजिन बसले म्हणजे सर्वनाश झाला. बेअरिंग बसले या वाक्याचा अर्थ तर प्रसंगावरूनच ठरतो. कारागिराच्या बोलीतील अशा क्रियापदांचा विचार केला तर त्यांत निदानाची एक सुसंगत व्यवस्था दिसते. इंजिन तेल 'खाते' म्हणजे दट्ट्याची कडी झिजून तेल जळत आहे, त्याची खूण निळा धूर. इंजिन पेट्रोल 'पिते' म्हणजे मिश्रणात इंधन अधिक आहे, त्याची खूण काळा धूर. ते पाणी 'खाते' म्हणजे गॅस्केट फुटले आहे, त्याची खूण दाट पांढरी वाफ. यंत्रास प्राणी मानण्याची ही केवळ लकब नाही. आत काय गेले आणि बाहेर काय आले, या एकाच सूत्रावर ही सर्व वाक्ये उभी आहेत, आणि ते सूत्र यंत्रशास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. 'मारणे' हे क्रियापद मात्र सर्वसंचारी आहे. सेल्फ मारावयाचा, ब्रेक मारावयाचा, हवा मारावयाची, रंग मारावयाचा. गाडी धूर मारते आणि 'मिसिंग'ही मारते. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणे. जे घडलेच नाही त्यासही 'मारणे' लावणारी ही रचना व्याकरणकारांनी जरूर पाहावी.

ग्रांथिक मराठीने या क्षेत्रात निराळी वाट धरली. मराठी विश्वकोशात 'अंतर्ज्वलन एंजिन' आहे, 'दट्ट्या' आहे, 'झडप' आहे. हे शब्द समर्पक आहेत यात शंका नाही. तथापि कारखान्यात दट्ट्या मागितला तर मिळण्याचा संभव कमी. तेथे 'पिस्टन' मागावा लागतो. उलट 'आटे', 'पक्कड', 'कानस', 'टाकी', 'पाटा' हे शब्द परिभाषा समितीच्या साहाय्यावाचून टिकले, कारण लोहार, सुतार आणि पाणक्या यांच्याकडून ते मोटारीकडे सरळ चालत आले. गाडीच्या मागील सामानाच्या कप्प्यास 'डिकी' म्हणतात. इंग्रजीत जुन्या गाड्यांच्या मागील उघड्या आसनाचे ते नाव होते. आसन गेले, इंग्रजांनी शब्द बदलला, आपल्याकडे शब्द राहिला आणि त्यास स्त्रीलिंगही मिळाले.

इंजिन बांधून झाले म्हणजे ते 'लावावे' लागते, म्हणजे सुरात आणावे लागते. ट्यूनिंग हा शब्द संगीतातलाच आहे आणि तंबोरा लावताना जसा क्रम पाळावा लागतो तसा येथेही पाळावा लागतो. प्रथम टॅपेट, मग प्लग आणि पॉइंट, त्यानंतर टायमिंग, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा करणे ही नवशिक्याची ठरलेली चूक होय. कार्ब्युरेटरचा स्क्रू बाहेरून दिसतो व सहज फिरतो, म्हणून तो प्रथम फिरविला जातो. मूळ दोष झडपेत किंवा ठिणगीत असतो, आणि मग दोन दोष एकमेकांना झाकू लागतात.

टॅपेटचे अंतर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचे असते. ते थंड इंजिनावर, पात्यांच्या मापाने पाहतात. पाते अंतरातून सरकताना लोण्यातून सुरी जावी तसे न जाता किंचित अडले पाहिजे. कोणत्या झडपा केव्हा मोजाव्यात यासाठी एक सोपी युक्ती आहे. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असल्यामुळे एक आणि चार यांचे दट्टे बरोबरीने वरखाली होतात. चौथ्याच्या दोन्ही झडपा झुलत असता, म्हणजे एक मिटत व दुसरी उघडत असता, पहिल्याच्या दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतात. तेव्हा पहिल्याचे माप घ्यावे. दुसऱ्या आणि तिसऱ्याचेही असेच नाते आहे.

पॉइंटचे अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमी ठेवतात. हे अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते, म्हणून टायमिंग नेहमी पॉइंटनंतर. या लहानशा जोडीचे काम किती कष्टाचे आहे याची कल्पना साध्या गणिताने येते. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता चार सिलिंडरांना मिळून ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदास शंभर. पॉइंट इतक्या वेळा उघडतात व मिटतात. टायमिंगचे रहस्यही याच गणितात आहे. मिश्रण पेटले की लगेच स्फोट होतो ही समजूत बरोबर नाही. ज्योत पसरावयास सेकंदाचा काही सहस्रांश भाग लागतो. मिनिटास ३००० फेऱ्यांच्या वेगात सहस्रांश सेकंदात क्रँक १८ अंश फिरलेला असतो, तर ७५० च्या मंद वेगात अवघे साडेचार अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी दट्ट्या माथ्यावर येण्याच्या आधी, अधिकाधिक लवकर पडावी लागते. डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान वजने फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली जातात आणि हे काम आपोआप करतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील तर गाडी उभी असता कितीही गोड चालो, घाट चढताना ती टणटण आवाज करू लागते.

कार्ब्युरेटरचा स्क्रू अखेरीस येतो. इंजिन पुरते तापलेले असावे. स्क्रू हळूहळू फिरवीत ज्या ठिकाणी इंजिनाचा वेग सर्वांत अधिक होतो ते ठिकाण गाठावयाचे, मग निराळ्या स्क्रूने वेग खाली आणावयाचा आणि पुन्हा एकदा पहिला तपासावयाचा. वृद्ध कारागीर या वेळी मागे जाऊन धुराच्या नळीसमोर तळहात धरतो. फुंकर एकसारखी लागली पाहिजे. मधूनच हात आत ओढल्यासारखा वाटला तर कोठेतरी झडप गळत आहे असे तो सांगतो आणि बहुधा ते खरे निघते.

या जुन्या विद्येसमोर अलीकडे एक नवा प्रश्न आला आहे. भारतात २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला मात्र नऊच भाग. मिश्रणास साडेतेराच्या आसपास भाग हवा पुरते. संगणकी गाडी हे स्वतः ओळखून इंधन वाढविते. कार्ब्युरेटरचे जेट म्हणजे पितळेतील एक ठराविक मापाचे छिद्र. त्याला काहीच कळत नाही. ते पूर्वीइतकेच इंधन देत राहते आणि मिश्रण विरळ होते. गाडी थंडीत लवकर उठत नाही, वेग देताना अडखळते आणि अधिक तापते. उपाय म्हणजे किंचित मोठे जेट. त्याखेरीज इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा यांना फुगवते वा मऊ करते. पेट्रोलची गळती हा आगीचा विषय असल्यामुळे येथे मूळ भाग जपण्याचा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. नळ्या व पडदे नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घालावेत.

'मूळ' हा शब्द येथे आला आणि त्यासमवेत कायद्याचा पेचही आला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत भर घालून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' हा नवा वर्ग निर्माण केला. अशा गाडीस 'व्ही ए' ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक मिळतो. ती रोजच्या वापरासाठी नव्हे; प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यांपुरती ती रस्त्यावर येऊ शकते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, आणि चॅसी, कवच किंवा इंजिन यांतील बदल अंतर्भूत असलेले मोठे 'ओव्हरहॉल' तिचे झालेले नसावे. आता या अटीतील 'बदल अंतर्भूत असलेले' हे विशेषण मर्यादा घालणारे आहे की केवळ वर्णन करणारे? मर्यादा घालणारे मानले तर बदल न करता केलेले ओव्हरहॉल निर्दोष ठरते. वर्णन करणारे मानले तर इंजिन बांधणे हाच दोष ठरतो, आणि बांधल्यावाचून पन्नास वर्षांचे इंजिन सहसा चालत नाही. बोअर केलेल्या इंजिनाचे घनफळ १०८९ चे ११०२ झाले, हा बदल म्हणावा काय? कुजलेल्या उंबऱ्याच्या जागी त्याच आकाराचा नवा पत्रा जोडला, तर कवच बदलले की राखले? ज्याने तीन वर्षे आणि गाठीची पुंजी घातली त्याच्या दृष्टीने हा वाक्यरचनेचा प्रश्न मुळीच पुस्तकी नाही.

नियमाचा हेतू पाहता पहिला अर्थच ग्राह्य मानणे युक्त दिसते. निर्मात्याने स्वतःच मोठ्या मापाचे दट्टे पुरविले होते. अर्थात बोअर करणे ही त्या इंजिनाच्या आयुष्यातील अपेक्षित अवस्था होती, विकृती नव्हे. डिझेलचे इंजिन बसविणे, स्टीअरिंगच्या दांड्यावरील गिअर काढून जमिनीवर आणणे, हे बदल निराळ्या जातीचे आहेत. तथापि निरीक्षकाच्या पुढ्यात हा युक्तिवाद करावयाचा तर पुरावा हवा. म्हणून प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, मोजलेली मापे, काढलेले जुने भाग आणि कारखान्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. कारागीर पावतीवर बहुधा 'इंजिन काम' एवढेच लिहितो. त्याच्याकडून काय केले ते शब्दांत लिहवून घ्यावे. त्याचे तोंडी शब्द कागदावर यावयाचा याहून सोयीचा मार्ग दुसरा नाही.

बांधलेली गाडी प्रथम सुरू होते तेव्हा काम संपलेले नसते. पहिले हजार किलोमीटर ती जपून चालवावी लागते. एकाच वेगाने दूरवर पळवू नये, वरच्या गिअरात दमवू नये. पाचशे किलोमीटरनंतर डोक्याचे नट पुन्हा क्रमाने आवळतात, टॅपेट पुन्हा पाहतात आणि तेल गरम असतानाच काढून पांढऱ्या बशीत घेतात. त्या तेलात धातूची बारीक चमक दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, नवे भाग एकमेकांस घासून जुळत आहेत. दुसऱ्या खेपेच्या तेलातही ती तशीच दिसली, तर मात्र इंजिन पुन्हा उतरवावे लागते.